नदी आपली वाहतेच

गप्पांच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. मी म्हणालो, "एकदा सगळ्यांनी मिळून होड्या घेऊन नदीतून जाऊया. चार दिवस. रात्री काठावर तंबू." पाचच मिनिटांत फोनवर अकरा जणांचा ग्रुप तयार झाला. त्याला नाव होतं, नदीचा फोटो होता आणि त्याचा अ‍ॅडमिन मी होतो. वल्हं कुठल्या टोकाला धरतात, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पहिले तीन आठवडे तारखेत गेले. अकरा जणांचे चार मोकळे दिवस एका ओळीत आणणं म्हणजे ग्रहणाचं गणित. एकाला सगळे दिवस जमत होते, फक्त दुसऱ्या दिवशी त्याची मीटिंग होती. "होडीतून घेईन रे," तो म्हणाला. एका वहिनींनी प्रत्येक तारखेला अंगठा दाखवून ठेवला होता. तो होकार नसून फक्त 'वाचलं' असा त्याचा अर्थ होता, हे नंतर कळलं.

मग प्रश्न आला, कॅनू की कयाक? मला वाटत होतं, एकाच वस्तूची ही दोन नावं असावीत. तसं नसतं. कॅनू वरून उघडी असते, तिचं वल्हं एकपाती आणि तिच्यात सामान भरपूर मावतं. कयाक वरून बरीचशी बंद, पाय पुढे पसरून बसायचं, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. कयाकवाले सुळकन पुढे जातात आणि कॅनूवाले मागून त्यांचे तंबू वाहून आणतात. हे एकदा कळल्यावर अकराच्या अकरा जणांना कयाकच हवी झाली. शेवटी चार कॅनूंत आठ आणि तीन कयाकांत तीन असा तह झाला. त्या तीन जणांशी बाकीचे आठ अजून जरा तुटकच बोलतात.

दोघांच्या कॅनूला जाणकार लोक गमतीने 'घटस्फोटाची होडी' म्हणतात, असं वाचलं होतं. सरावाला तळ्यात उतरलो तेव्हा त्यातली गंमत संपली. पुढे बसणाऱ्याला खडक दिसतो, पण होडी वळवता येत नाही. मागे बसणाऱ्याच्या हातात दिशा असते, पण त्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे फारसं काही दिसत नाही. पुढे बायको होती. ती म्हणाली, "उजवीकडे." मी विचारलं, "तुझ्या उजवीकडे की माझ्या?" आम्ही दोघंही एकाच दिशेला तोंड करून बसलो होतो. त्यानंतर तळ्यावर बराच वेळ शांतता होती.

प्रवाह निवडताना आमच्या धाकट्या भावाने घात केला. खळाळांना एक ते सहा अशी प्रतवारी असते. पहिली म्हणजे संथ वाहतं पाणी आणि बारीक लाटा, सहावी म्हणजे मुरब्बी माणसानेही काठावरूनच नमस्कार करावा अशी. भावाने रात्रभर व्हिडिओ पाहिले आणि सकाळी चौथी प्रत मागितली. त्याला तळ्यात होडीत चढताना तीन वेळा पडलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मी पहिलीच प्रत ठरवली, तरी भीती होतीच. कारण संथ नदीतही आडवं पडलेलं झाड असतं. त्याच्या फांद्यांमधून पाणी निघून जातं आणि माणूस राहतो, चहाच्या गाळणीत चोथा राहावा तसा. आणि ठेंगणे बंधारे. दिसायला पायरीएवढे, पण खाली पाणी उलटं फिरून माणसाला धरून ठेवतं. नकाशावर असा एक बंधारा होता. त्याच्या बऱ्याच आधी काठाला लागून होड्या उचलून पलीकडे न्यायच्या, असं मी लाल शाईत लिहिलं. "मला पोहता येतं, मला जॅकेट नको," असं काका म्हणाले, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. डोकं खडकावर आपटल्यावर पोहायचं कोण?

अंतराचं गणित मी स्वतः केलं आणि स्वतःच चुकवलं. नकाशावर पट्टी ठेवली, 38 किलोमीटर भरलं. ताशी चार-पाच किलोमीटर जायचं म्हणजे दोन दिवसांचं काम, म्हटलं बाकी वेळ झोपा काढू. मग कोणीतरी सौम्यपणे सुचवलं की नदी पट्टीवरून वाहत नाही. दोरा घेऊन वळणावळणाने मोजलं तेव्हा 61 भरलं.

पाण्याचा हिशेब त्याहून वाईट निघाला. माणशी रोज चार लिटर, अकरा माणसं, चार दिवस: 176 लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे दोन-अडीच माणसं जादा, तीही न वल्हवणारी. "पण आपण नदीतच असणार ना?" पुतणीने विचारलं. अकरा जणांत पहिला शहाणा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीने विचारला. मग फिल्टर घेतला, तो बिघडला तर खळखळून एक मिनिट उकळायचं ठरवलं, आणि भांड्यांची यादी वाढली.

पण माझी झोप उडवली ती गाड्यांनी. लहानपणी वाघ, शेळी आणि गवत नदीपार नेण्याचं कोडं होतं. ते सोपं होतं, कारण वाघाकडे गाडी नव्हती. नदी एका जागी सुरू होते, आपण संपवतो 61 किलोमीटर खाली, आणि गाड्या आपोआप वाहत येत नाहीत. म्हणून तीनही गाड्या आधी वर न्यायच्या, माणसं आणि सामान उतरवायचं, तिघांनी तीनही गाड्या खाली न्यायच्या, दोन तिथे ठेवायच्या, तिसरीतून तिघांनी वर परत यायचं, मग होड्या सोडायच्या. शेवटी खालच्या गाडीने जाऊन वरची आणायची. हे मी बाणांसह काढून ग्रुपवर टाकलं. त्यावर सात अंगठे आले.

यात एक मेख आहे. खाली पोहोचल्यावर खालच्या गाडीची किल्ली हातात हवी, ती वरच्या गाडीत राहिली तर संपलंच. म्हणून तीनही किल्ल्या आमच्याबरोबर नदीतूनच येणार होत्या. त्यांच्यासाठी मी घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा लोखंडी डबा आणला. दुकानात जोडी स्वस्त मिळत होती, म्हणून दोन आणले.

दुसरा डबा कामाचाच होता. विषय नाजूक आहे, पण अकरा माणसं चार दिवस जेवणार म्हटल्यावर तो टाळता येत नाही. जिथे काठावर काही पुरून येण्याची सोय नाही, तिथे सगळं बरोबर परत आणावं लागतं. अमेरिकेतले नदीवाले या डब्याला 'ग्रूव्हर' म्हणतात, कारण पूर्वी ते लष्करी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर बिनसीटचे बसत आणि उठल्यावर मांड्यांवर दोन खोबणी उमटलेल्या असत. आम्ही वर ठेवायला सीट घेतली. डब्यात घालायच्या पिशव्यांचं पुडकं घेतलं.

डबे दिसायला सारखेच. बायको म्हणाली, "यावर नीट लिही." मी रंगाने ठळक लिहिलं: एकावर '1', दुसऱ्यावर '2'. एक म्हणजे नाजूक विषय, दोन म्हणजे किल्ल्या. किल्ल्या मी आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळाशी ठेवल्या, दुहेरी काळजी म्हणून. सहलीच्या आखणीची जी शीट मी ग्रुपवर टाकली होती, तिच्या चौथ्या पानावर हे स्पष्ट नोंदवलेलं होतं. शीट कोणीही उघडली नव्हती, पण ते मला नंतर कळलं.

पहिला दिवस खरोखर छान गेला. नदीने आम्हाला काही विचारलं नाही, ती आपली वाहत राहिली. तारीख, मीटिंग, अंगठे सगळं मागे पडलं. कयाकवाले पुढे, कॅनूवाले मागे, काकांनी जॅकेट घातलं होतं आणि उलटं घातलं होतं. संध्याकाळी पाण्यापासून जरा उंचावर तंबू लागले. मला पहिल्यांदा वाटलं, जमलं बुवा.

पहाटे अंधारातच मेव्हणा झाडांमागून आला. चेहऱ्यावर गाढ समाधान. माझ्याशेजारी बसत म्हणाला, "भाऊजी, तुमचं प्लॅनिंग मानलं. डब्यावर दोन नंबर लिहून ठेवलं होतंत, अंधारातसुद्धा कोणाला विचारावं लागलं नाही."

मी काही बोललो नाही.

"आणि आत पिशवीसुद्धा आधीच घालून ठेवलेली!"