पिठाच्या डब्यातला फोन

आज दुपारी मामाच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता, माझ्या मामेबहिणीचा. मुलगा चांगला, पुण्यात नोकरी, पत्रिका जुळलेली, दोघं आधी दोनदा फोनवर बोललेले पण. मामीनं पहाटे उठून शेंगापोळ्या केल्या होत्या. सगळं नीट चाललेलं आणि मधेच मुलाचे काका म्हणाले, "आमच्या कानावर आलंय, तुम्ही कोर्टातनं नादारी, दिवाळखोरीच ती, घेतलीय म्हणून. म्हणजे लोकांचे पैसे बुडवलेच ना?" मामा खाली बघत बसला. दहा मिनिटांत पाहुणे उठले, चहा अर्धा कपातच, पोळ्यांना कुणी हात लावला नाही. दारात चपला घालता घालता तेच काका मला हळूच म्हणतात, "बुडव्याच्या घरची पोरगी कशी करायची ओ, उद्या आमच्याच दारात उभे राहतील मागायला."

तेव्हा मी गप्प बसलो. पोरीचा प्रश्न होता. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलोय. बहिणीला आणि मामाला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "दादा, नाव घालू नको, पण लिही."

मामाचा अक्कलकोट रोडला कारखाना होता. सोलापूरच्या बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि आत माग. आठ माग, त्यातले दोन जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे. आधी चादरी काढायचा, नंतर टॉवेल. स्वतः मागावर उभा राहणारा माणूस, मागाच्या आवाजावरून सांगायचा कुठला बोल्ट ढिला झालाय. बाहेरगावच्या एका पार्टीला मोठा माल दिला, पैसे अडकले, चेक परत आला. मग सूतवाल्याची उधारी थकली. सूतवाल्याला द्यायला पतसंस्थेचं कर्ज, पतसंस्थेचा हप्ता भरायला भिशी उचलली, भिशी भरायला सावकार, महिन्याला पाच टक्के. जुगार नाही, दारू नाही, गाडी नाही, बंगला नाही. एका खड्ड्यातली माती काढून दुसरा खड्डा भरायचा एवढंच तीन वर्षं चाललेलं.

आणि फोन. सकाळी सातला सुरू व्हायचा. बंद करून ठेवायची सोय नाही, बंद केला की माणसं दारात येऊन उभी राहतात आणि गल्ली ऐकते. शेवटी मामी तो फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवायला लागली, पिठात खुपसून वर झाकण. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला बसलेलो, तिनं भाकरीला पीठ घ्यायला डबा उघडला तर आतनं घूंऽऽ आवाज आणि वरचं पीठ थरथरायलंय. तिनं फोन एका बाजूला सरकवला, ओंजळभर पीठ घेतलं, झाकण लावलं आणि भाकरी थापायला बसली. एक शब्द बोलली नाही. मीही काही विचारलं नाही, याचं मला आजपण वाईट वाटतं.

एका रात्री मामा घरी आला नाही. मी आणि बाबा गाडीवर शोधत फिरलो, पहाटे साडेतीनला कंबर तलावाच्या कडेला बसलेला सापडला. काय करत होतास विचारलं तर म्हणाला, बेरीज करत होतो, लागत नाही. इथं जास्त लिहीत नाही, समजणाऱ्यांनी समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याला हाताला धरून एका वकीलबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, घरी जा, एक वही घ्या, ज्याचं ज्याचं देणं आहे त्याचं नाव, पत्ता, रक्कम लिहा, एकपण सोडायचा नाही, पानटपरीवाला असला तरी. मामानं मुलीची शाळेची चौरेघी वही घेतली. रात्री दोनपर्यंत लिहीत होता. सव्वीस नावं. खाली बेरीज मारली, अकरा लाख चाळीस हजार. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं सगळा आकडा एका जागी बघितला. मामी सांगते त्या रात्री तो घोरत झोपला.

आता त्या काकांनी जरा ऐकावं. नादारी म्हणजे गुपचूप पळून जाणं नव्हे. पळालेला माणूस कोर्टात जात नाही. नादारीत माणूस स्वतः जिल्हा न्यायालयात जाऊन सांगतो की हे माझं देणं, ही माझी मालमत्ता, एवढीच आहे, बघा. मुंबईला त्यासाठी १९०९ चा कायदा आहे, आपल्या सोलापूरसारख्या ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. इतका जुना की त्यात लिहिलंय, ५०० रुपये किंवा त्याहून जास्त देणं असेल तर अर्ज करता येतो. ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना कोर्ट नोटीस काढतं. नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसिव्हरच्या, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते, आणि त्यानंतर एकेकट्यानं दारात येऊन वसुली करता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. पतसंस्थेचा सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला निघालेला, वसुली अधिकारी जप्तीची भाषा करत होता, ते सगळं तिथं थांबलं. विकून येईल ते सगळ्यांना हिश्शाप्रमाणे वाटतात. आधी जो जास्त ओरडायचा त्याला आधी मिळायचं. अडीअडचणीला दोन हजार उसने दिलेली शेजारची म्हातारी शेवटच्या नंबरवर असायची. कोर्टात तिचंही नाव त्याच यादीत, त्याच रांगेत. मला सांगा यात बुडवणं कुठं आलं?

मामाचं वाचलं काय? माग बँकेकडे तारण होते, ते बँकेनं नेले, तारणवाल्याचा हक्क नादारीतही राहतोच. कुंभारीकडचा छोटा प्लॉट रिसिव्हरनं विकला. मामी घाबरलेली, मंगळसूत्र पण काढून घेतील काय. वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ६०. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे बाईच्या अंगावरनं उतरवता येत नाहीत असे दागिने, आणि कारागिराची हत्यारं. यांना हात लावता येत नाही. मामी तिथंच रडली. मामाची पाने-स्क्रूड्रायव्हरची पिशवी त्यामुळे राहिली. आज तीच पिशवी घेऊन तो दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर म्हणून, माग दुरुस्त करायला, जातो, आणि त्या पगारावर मुलगी शिकली.

आणि तो महिन्याला पाच टक्केवाला! त्याचंही नाव यादीत होतं, त्यालाही नोटीस गेली. तो कोर्टात आलाच नाही. येणार कसा, लायसनच नव्हतं. २०१४ च्या सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. रात्री दहाला दारात उभं राहून मामीला काय काय बोलणारा माणूस कोर्टाच्या एका कागदानं गायब झाला. एका कागदानं! आणि आपण तीन वर्षं त्याच्या भीतीनं खिडक्या लावून बसलो होतो. जेलमध्ये टाकतो म्हणायचा. अरे, १९८० सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर होते त्यात, की नुसती ऐपत नाही म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही, ऐपत असून देत नसेल तर गोष्ट वेगळी. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतोय. आता तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. पाळतात का ते प्रत्येकाला माहितीय.

हो, लबाड लोक आहेत. बायकोच्या नावावर फ्लॅट करून कोर्टात फाटका शर्ट घालून जाणारे आहेत, मान्य. मालमत्ता लपवणं हा त्याच कायद्यात गुन्हा आहे, पकडा त्यांना. पण चार लबाडांसाठी माझ्या मामानं तलावाकाठी बसायचं काय?

लिहिता लिहिता बाबा मागं येऊन वाचत उभे होते. म्हणाले, जामीनदाराचं पण लिही, नुसतं मामाच्या बाजूनं लिहू नको. बरोबर आहे त्यांचं. नादारीनं कर्जदार सुटतो, जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार होते माझे बाबा. एसटीत कंडक्टर. १ लाख १० हजार त्यांच्या पगारातनं कापून गेले. त्या दोन वर्षांत आमच्या घरी काय काय कमी झालं ते आईला विचारा, ती दिवाळीला मामाच्या घरी जायची नाही. ही नादारीची वाईट बाजू आहे आणि मला तिच्यावर उत्तर नाही. सरकारी देणं सुटत नाही, फसवून घेतलेलं सुटत नाही, बायको-पोरांची पोटगी सुटत नाही, चेक बाउन्सची फौजदारी केसही त्यानं आपोआप थांबत नाही. हे सगळं वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

पण पुढचं पण ऐका. २०१५ ला अर्ज केला, २०१८ ला मामाला डिस्चार्ज, म्हणजे उरलेल्या देण्यातनं सुटका, मिळाली. तीही फुकट नाही मिळाली. कायद्यात अजून आण्यांचा हिशोब आहे, मालमत्तेतनं रुपयाला आठ आणे, म्हणजे निम्मं, देण्याएवढं निघत नसेल तर माणसाला दाखवावं लागतं की हे माझ्या चुकीनं झालं नाही. मामानं परत आलेला चेक, पार्टीला दिलेल्या मालाच्या पावत्या, लॉरीनं माल पाठवल्याच्या बिल्ट्या, सगळं एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं, ते कोर्टापुढं मांडलं. ऑर्डर झाली, मोकळा झाला. कायद्यानं आता त्याच्याकडे कुणी मागू शकत नव्हतं. आणि त्याच महिन्यापासून दर ५ तारखेला मामा आमच्या घरी यायचा आणि बाबांच्या हातात २००० रुपये ठेवायचा. बाबा नको म्हणायचे, तो टीव्हीवर ठेवून जायचा. पंचावन्न महिने. एक चुकला नाही. शेजारच्या म्हातारीचेही दिले. ज्याला तुम्ही आज बुडवा म्हणालात ना काका, तो हा माणूस.

हे लिहिताना परत राग येतोय. मोठ्या कंपनीचं कर्ज थकलं की तिच्यासाठी २०१६ चा कायदा आहे, वेगळी कोर्टं आहेत, बँका किती सोडून देतात त्याला हेअरकट असं गोड नाव आहे, पेपरात कुणी त्यांना बुडवा म्हणत नाही, उद्योग अडचणीत आला म्हणतात. त्याच २०१६ च्या कायद्यात गरिबांसाठी पण एक भाग लिहून ठेवलाय. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, देणं ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला नव्यानं सुरुवात करू द्यायची. आपल्या विडी वळणाऱ्या बायकांचा विचार करा, किती जणी बसतील यात. तो भाग कागदावरच आहे, सामान्य माणसाला लागूच केलेला नाही. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना तेवढा १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. इंग्लंडमध्ये साधारण १२ महिन्यांत माणूस मोकळा होतो. आपण १९२० चा कायदा घेऊन बसलोय, आणि तोही लोकांना माहिती नाही.

वकीलबाईंनीच सांगितलेलं एक मला फार लागलं. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, दंगे झाले, त्यानंतर इंग्रजांनी १८७९ ला दख्खन शेतकरी कायदा आणला. तो पहिल्यांदा चारच जिल्ह्यांना होता, पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर. त्यात कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही असं होतं आणि नादारीची सोयपण होती. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात परक्या सरकारला हे कळलं होतं की पिळून पिळून माणूस मेला तर सावकारालाही काही मिळत नाही. आणि आज २१ व्या शतकात आपलीच माणसं चपला घालताना काय बोलतात ते बघा.

नादारीत लाज वाटत नाही असं नाही. मामा अजून लग्नकार्यात मागच्या रांगेत बसतो. नादार असेपर्यंत ५० रुपयांची उधारी घ्यायची तरी समोरच्याला मी नादार आहे हे सांगावं लागतं, नाही सांगितलं तर गुन्हा. मामा किराणा दुकानात रोखीनंच घ्यायचा, नसेल तर नाही घ्यायचा. बँक आजपण त्याला दारात उभं करत नाही. सोपं नाहीच आहे ते. पण माणूस आहे. जेवतो, भांडतो, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत पोरांना पाळण्यात बसवतो.

माझ्या यादीत असे दोघं-तिघं आहेत मला माहितीय, ज्यांचा फोन सध्या कुठल्या ना कुठल्या डब्यात आहे. इनबॉक्समध्ये काही लिहू नका, रविवारी सकाळी घरी या. वही मी देतो. पहिल्या पानावर फक्त नावं आणि रकमा लिहायच्या, एकपण सोडायचा नाही. वकीलबाईंचा पत्ता बाबांकडे आहे, त्या अजून प्रॅक्टिस करतात. आणि कुणाला जामीन राहिला असाल तर त्यालाही सोबत घेऊन या, त्याच्यापासून लपवू नका.

मुलाचा मगाशी बहिणीला मेसेज आला म्हणे, काकांचं मनावर घेऊ नको, मी घरी बोलतोय. बघू. ती अजून काही बोलली नाही त्याच्यावर.

मामीनं संध्याकाळी त्या सगळ्या शेंगापोळ्या डब्यात भरून आमच्याकडे पाठवल्या. अठरा आहेत. आई आत्ता तूप गरम करायलीय, आणि बाबांनी मामाला फोन लावलाय, ये म्हणून, दोघांत मिळून संपवू म्हणतायत.