खुलासा : न्यूयॉर्कच्या ‘नॉम वा टी पार्लर’विषयी

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधील ‘नॉम वा टी पार्लर’ या चिनी रेस्टॉरंटची सजावट १९२० पासून जशीच्या तशी असून एकाच घराण्याने ती जपली आहे, असा जो मजकूर फिरतो आहे, तो माझ्याच जुन्या टिपणातून उचललेला असल्यामुळे दुरुस्तीही मीच करणे भाग आहे.

स्थापनेचे वर्ष १९२० हे बरोबर आहे. मात्र रेस्टॉरंटनेच सांगितलेल्या इतिहासानुसार ते १९६८ मध्ये शेजारच्या १३, डॉयर्स स्ट्रीट येथे हलले. त्यामुळे तांबड्या रेक्झिनचे बाक, काउंटरपुढची गोल स्टुले हा आज दिसणारा थाट विसाव्या शतकाच्या मध्याचा आहे. मालकीही बदलली. १९५० पासून तेथे नोकरी करणाऱ्या वॉली टँग यांनी १९७४ मध्ये चॉय कुटुंबाकडून ते विकत घेतले आणि पुढे पुतणे विल्सन यांच्याकडे सोपवले. विल्सन यांनी जुने दालन राखले, पण डिमसम (चहासोबत खायचे छोटे चिनी पदार्थ) मात्र मागणीनुसार ताजे करून देण्याची पद्धत आणली. जतन म्हणतात ते बहुधा असेच असते.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्या गटांवर तो आधीच गेला आहे, तेथे हा खुलासा द्यावा.