ट्रॉफ्यांचं कपाट आणि माझा गुडघा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढं जावं, मी मनाला लावून घेणार नाही.

दादाची मुलगी यंदा बारावी झाली. खो-खो खेळते. किशोरी गटापासून मैदानात आहे, कुमारी गटात दोनदा स्टेट खेळली. संरक्षणात उभी राहिली की अडीच मिनिटं कुणाच्या हाताला लागत नाही. (आत्यावर गेलीय, दुसरं काय.) पूर्वी खो-खोवाल्या पोरीला कॉलेजात कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. पण जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा वर्ल्ड कप झाला, प्रियांका इंगळेच्या भारतीय टीमनं फायनलला नेपाळला ७८-४० नं लोळवलं, आणि तेव्हापासून फोन सुरू झालेत. ‘आमच्याकडे या, फी माफ, होस्टेल माफ, किट आमचं.’ दादा हवेत. वहिनींनी बॅग भरायला घेतलेली.

तर आज एका कॉलेजात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कमेंटमध्येही विचारू नका.

जिमखान्याचे सर गेटवर घ्यायला आले. चहा, बिस्किटं, सगळं झालं. मग सरळ नेलं ते प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेरच्या काचेच्या कपाटापाशी. हा एवढा मोठ्ठा कपाट-दर्शन सोहळा! आत ट्यूब लावलेली. मैदानावर दिवे नाहीत बरं का, मी वर बघून खात्री केली. दादा एकेक कप वाचत होता. मी मात्र कपाट बघितलं आणि माझा गुडघा दुखायला लागला. खरंच. मनाचे खेळ म्हणा, पण दुखला.

जुन्या मित्रमैत्रिणींना माहितीय, नव्यांसाठी सांगते. २००१ साल, मी एस.वाय.ला. इंटरकॉलेजची फायनल, मातीचं मैदान, मी खांबावर सूर मारला आणि उजव्या गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला. बाकावर बसलेल्या पोरींना ऐकू गेला, इतका. सरांनी स्प्रे मारला आणि म्हणाले, ‘ऊठ, दोनच मिनिटं राहिलीत.’ मी उठले. आम्ही जिंकलो. तो कप असाच एका काचेच्या कपाटात आहे. माझा गुडघा माझ्याकडे आहे.

असो. आजचं सांगते.

सर म्हणाले, ‘मॅडम, आमची खो-खोची टीम ऑल इंडिया खेळते.’ इथंच माझं टाळकं सरकलं. अहो, ऑल इंडिया म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा, कॉलेजची टीम ती खेळतच नाही! कॉलेज इंटरकॉलेज खेळतं. तिथून विभाग, मग इंटरझोनल, मग निवड चाचणी, मग विद्यापीठाचं शिबिर, आणि त्यातून बारा-पंधरा जणी निवडून विद्यापीठाचा संघ होतो. तो संघ वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम भारतातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जातो आणि तिथं पहिल्या चारात आला तरच ऑल इंडियाचं तोंड बघतो. मी विचारलं, ‘सर, विद्यापीठाच्या संघात तुमच्या किती मुली होत्या?’ सरांनी चष्मा पुसला. ‘एक. स्टँडबाय एक.’

म्हणजे एक पोरगी खेळली आणि अख्ख्या कॉलेजनं फ्लेक्स लावला. आणि ती एक तरी तिथं घडलेली असावी ना? तीही आली होती बाहेरून, आधीच नॅशनल खेळलेली. आपल्याकडं हे सर्रास चालतं. घडलेली पोरं उचलायची, नावाला अॅडमिशन द्यायचं. सराव त्यांचा त्यांच्या क्लबात, त्यांच्या गावच्या कोचकडं. कॉलेजात येतात ती फॉर्म भरायला आणि सत्काराला. मेडल मात्र कॉलेजच्या खात्यात. मग ते कपाट बघून कुणी आपली अठरा वर्षांची पोरगी तिथं टाकली तर तिला काय मिळणार? ट्यूबलाईट?

दादा मला कोपरानं ढोसत होता. ‘तू सगळीकडं तुझा गुडघा आणू नकोस गं.’

आणणारच. मैदान बघायचंय म्हटलं. सर म्हणाले, ‘हो हो, मॅटसुद्धा आहे आपल्याकडे.’ मॅट आहे, खोटं नाही. जिन्याखाली गुंडाळून ठेवलीय आणि वर मोडके बाक रचलेत. मी हात फिरवला तर पंजा काळा झाला. म्हणे स्पर्धेच्या वेळी काढतो, रोज काढली तर खराब होते. म्हणजे पोरी वर्षभर मातीवर पळणार आणि सामन्याच्या दिवशी एकदम मॅटवर उभ्या राहणार. मातीत पाय थोडा घसरतो, तो घसरतो म्हणून गुडघा वाचतो. मॅट पाय धरून ठेवते, शरीर वळतं आणि पाय वळत नाही. ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. बाकीच्यांनी एकदा रबरी चपला घालून चकचकीत फरशीवर गर्रकन वळून बघा. नको, नका बघू.

‘फिजिओ?’ मी विचारलं. ‘स्प्रे आहे ना मॅडम. आणि बर्फ कँटीनमध्ये मिळतो.’

स्प्रे! अडीच दशकं झाली हो. अजून तोच स्प्रे!

आता कुणीतरी खाली लिहिणारच, त्या काळी फिजिओ होता कुणाकडं? नव्हता, मान्य. पण आता गल्लोगल्ली आहेत की. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकाला बोलवायला किती लागतं? त्या ट्यूबलाईटवाल्या कपाटापेक्षा जास्त खचितच नाही. एमआरआय काढायची वेळ आली तर पैसे कोण भरणार, विचारलं. सर म्हणाले, ‘पालक सहकार्य करतात.’ वा!

मुलींना कपडे बदलायला खोली आहे. कुलूप आहे. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा सकाळी दहाला येतात. सराव सहाला. पोरी कुठं बदलतात, विचारलं तर सर इकडंतिकडं बघायला लागले. मामाच म्हणाले, ‘मॅडम, पोरी घरनंच घालून येत्यात.’ बाथरूमचं मग मी विचारलंच नाही. उत्तर ऐकायची ताकद नव्हती.

तेवढ्यात नळावर एक मुलगी बाटल्या भरत होती. गुडघ्याला नी-कॅप. एस.वाय.ची. सर फोनवर होते, तेवढ्यात मी तिला गाठलं. सर बरोबर असताना कुणी खरं बोलत नाही, मीही बोलले नसते. ती म्हणाली, ‘ताई, सर चांगले आहेत. डीए (रोजचा भत्ता) मिळतो, उशिरा का होईना. पण माझी प्रॅक्टिकल गेली मागच्या वेळी. वेस्ट झोनला गेले होते स्टँडबाय म्हणून. सर म्हणाले होते पुन्हा घेतील. डिपार्टमेंटच्या मॅडम म्हणाल्या, आम्हाला जिमखान्याचं काही पत्रच आलं नाही.’ भाची तिच्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, ‘मागच्या वर्षीच्या टीममधल्या यंदा किती जणी आहेत गं?’

ती पोरगी बोटं मोजायला लागली. चारवर थांबली.

मला नाही सुचला हा प्रश्न. भाचीला सुचला. एवढ्या सगळ्या पळापळीत विचारण्यासारखं तेवढंच होतं खरं तर. बाकीच्या आठ-दहा जणी कुठं गेल्या? लग्न झालं? दुखापत झाली? नापास झाल्या? त्यांचा फोटो आहे भिंतीवर, ब्लेझर घालून. फोटोत सगळ्या आहेत.

माझाही आहे एका भिंतीवर. आता ट्रॅकसूटचं सांगते, हे फार कुणाला सांगितलेलं नाही. गुडघा गेल्यावर मी तीन महिने घरी होते. हाडवैद्याकडं चोळून घेत होते, आई हळदीचे लेप लावत होती, एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) हा शब्द आमच्या घराण्यात कुणी ऐकला नव्हता. कॉलेजातून एक फोन नाही. टी.वाय.ला गेले तर क्लार्क म्हणाला, फी भरावी लागेल, तू आता खेळत नाहीस ना. आणि जिमखान्यातून निरोप आला, ट्रॅकसूट परत करायचाय. मी धुऊन, इस्त्री करून नेला. पाठीवर कॉलेजचं नाव होतं, त्यावर इस्त्री फिरवताना रडले होते. रजिस्टरमध्ये सही घेतली माझी. ‘ट्रॅकसूट १, शूज जोड १, जमा.’ शूजसुद्धा! माझ्या पायाचे घासलेले, अंगठ्यापाशी फाटलेले शूज कुणाला घालणार होते ते?

जरा पाणी पिऊन आले.

हां. सरांवर, म्हणजे माझ्या त्या सरांवर, मी कितीतरी वर्षं दात ओठ खाल्ले. पण परवापरवा कळतंय की तो एकटा माणूस चौदा खेळ सांभाळत होता. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत. बसच्या तिकिटांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरायचा, बिलं सहा महिन्यांनी पास व्हायची. आम्ही पोरी बसमध्ये झोपलो की रात्रभर दाराजवळच्या सीटवर जागा बसायचा. तो स्प्रे त्यानं स्वतःच्या पैशानं आणलेला असणार, आज वाटतं. आजचे सरही तसेच. वाईट माणूस नाही. बोलता बोलता म्हणाले, ‘मॅडम, नॅकची टीम येते तेव्हा मला कपाट दाखवायला सांगतात, मैदान नाही.’ (नॅक म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था.) मग मला त्यांच्यावर चिडता येईना. कुणावर चिडायचं तेच कळेना.

दादाचं म्हणणंही खोटं नाही. फी माफ म्हणजे त्याच्या वर्षाच्या पगारातला मोठा तुकडा वाचतो. आणि पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, प्रमाणपत्रं क्रीडा खात्याकडून पडताळून घेतली की झालं, असा त्याचा हिशोब. ठीक आहे, हिशोब बरोबर आहे. पण त्या प्रमाणपत्रासाठी पोरगी शेवटपर्यंत मैदानात टिकावी लागते ना! तीन वर्षांतलं एक वर्ष लेपात गेलं की काय पडताळणार, हळद? मुलींना पुढं मुलांसारखी प्रोफेशनल लीगसुद्धा नाही. अल्टिमेट खो-खो २०२२मध्ये आपल्या बालेवाडीत सुरू झाली, पण मुलांची. कॉलेजातल्या पोरींसाठी मोठं मैदान म्हणजे हे विद्यापीठाचं, आणि तेही वयाच्या पंचविशीपर्यंत. म्हणून तर जीव तुटतो.

आणि ‘महाराष्ट्रात असंच चालतं, पंजाबात बघा’ हे ऐकवू नका कृपा करून. माका ट्रॉफी (खेळात अव्वल ठरलेल्या विद्यापीठाला मिळते ती) वर्षानुवर्षं पंजाब-चंदीगडकडं जाते हे मलाही माहितीय. पण २०२०मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाल्या, तेव्हा पंजाब विद्यापीठाच्या खालोखाल आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ होतं, दुसऱ्या नंबरावर! पोरं आपल्याकडं आहेतच. मोडल्यावर त्यांना कोण बघतं, एवढंच कुणी मोजत नाही.

येताना गाडीत दादा आणि मी बोललो नाही. सांगलीच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, ‘तू त्या सरांना ट्रॅकसूटबद्दल का विचारलंस?’ विचारलं होतं मी, निघताना. मुलगी जखमी झाली तर किट परत घेता का. सर म्हणाले होते, ‘ऑडिटला दाखवावं लागतं, मॅडम.’ दादाला ट्रॅकसूटचं माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही, तो तेव्हा पुण्यात नोकरीला होता. चहा संपेपर्यंत गप्प बसला. मग म्हणाला, ‘फॉर्म सोमवारी भरायचाय. सोमवारपर्यंत दुसरं बघूया.’

भाची मागच्या सीटवर मोबाईलमध्ये डोकं घालून. त्या बाटल्यावाल्या मुलीचा नंबर घेतलाय तिनं, केव्हा घेतला काय माहीत. दोघींचं चॅटिंग चाललंय. मधूनच म्हणाली, ‘आत्या, तिला तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव पाठवू का?’

तर आता काम सांगते. तुमच्या ओळखीत कॉलेजात खो-खो खेळणारी मुलगी असेल, टी.वाय.ची असेल तर उत्तम, खेळणं सुटलेली असेल तर त्याहून उत्तम, तिचा नंबर तिला विचारून मला इनबॉक्स करा. कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक, धाराशिव, कुठलंही कॉलेज चालेल. बोलायचंय मला तिच्याशी. सोमवारच्या आत हवंय.

ट्रॉफ्यांचे फोटो पाठवू नका.