'सर, ते सिस्टीममधून निघत नाही'

नाशिकमधल्या बऱ्याच कार शोरूमचं कोटेशन बघा. वर ठळक अक्षरात 'डिस्काउंट २०,०००'. खाली बारीक अक्षरात हँडलिंग ८,०००, बेसिक किट १२,०००, टेफ्लॉन कोटिंग ६,०००. दिलेलं सगळं वसूल, वर ६,००० खिशातले! आणि गिऱ्हाईक पेढे वाटतंय, डिस्काउंट मिळाला म्हणून. डोक्यात तिडीक जाते.

अहो, गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. मग हँडलिंग कशाचं? विचारलं की ठरलेलं उत्तर, 'सर, सिस्टीममधून निघत नाही.' कंपल्सरी आहे असं लेटरहेडवर लिहून द्या म्हणा, सिस्टीम बरोबर ऐकते.

डिस्काउंटवर घासाघीस करूच नका. भांडायचं ते ऑन-रोडच्या, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून होणाऱ्या, शेवटच्या आकड्यावर, तेही एकेक ओळ सुटी करून. स्वतःच्या नावावरची, दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी असेल तर रोड टॅक्स ११ टक्के. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. वर पेठ रोडच्या आरटीओचं नाव घेऊन कोणी पाच-सात हजार 'एक्सपेन्स' लावत असेल तर सरकारी पावती मागा. बघा कसा घसा खाकरतो.

खरी लूट इन्शुरन्समध्ये. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता १०,६४० अधिक जीएसटी. तो सरकारने ठरवलेला, कुठेही घ्या, तेवढाच. फुगवतात तो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, कारण कमिशन तिथे आहे. बाहेरून कोटेशन आणा, पण आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेपसारखे (क्लेममध्ये पार्टची घट न कापणारे) अ‍ॅडऑन तेच ठेवा. नाहीतर आयडीव्ही पाडून स्वस्ताई दाखवणारे बाहेरही बसलेत. 'आमच्याकडून नाही घेतला तर कॅशलेस मिळणार नाही' ही शुद्ध थाप. कॅशलेस ठरतं विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर.

कर्जाचं तेच. 'फक्त ६ टक्के' म्हणतात आणि फ्लॅट हा शब्द गिळतात, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच. ८ लाख, पाच वर्षं, हप्ता १७,३३३. घटत्या शिलकीवर मांडा, जवळपास ११ टक्के पडतात! स्वतःच्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात ठेवूनच आत जा.

आणि ते दसरा-पाडव्याचं खूळ! मुहूर्ताला रांग लागलेली, तुम्हाला सूट कोण देतो? टार्गेट अडलेलं असतं महिनाअखेरीला, तेव्हा जा. डिसेंबरात तर वर्ष पालटायच्या आत स्टॉक काढायची घाई त्यांनाच असते.

पासिंगच्या आधी, पूर्ण पैसे भरायच्याही आधी, गाडी यार्डात दिवसाउजेडी बघा. चेसिस नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत बनावटीचं वर्ष सांगतं. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. पटलं की तोच चेसिस नंबर पावतीवर लिहून घ्या. एकदा एमएच १५ चा नंबर पडला की दारावरचा ओरखडा तुमचा.