ट्रेनिंगला निघालात? क्लेम बुडवायची तयारी आधी करा

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या मंडळींना कंपनीतून मेल येतो: ‘सोमवार-मंगळवार पुण्याला ट्रेनिंग, येण्याजाण्याची सोय आपापली.’ ऑफिसच्या कामाला स्वतःची गाडी नेली तर विम्याचा क्लेम बुडेल, असं धास्तावून लगेच गाडीची पॉलिसी उघडू नका. उघडलीत तर हिरमोड होईल. ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली भाड्याने वापर, मालवाहतूक, शर्यती असल्या गोष्टी वगळलेल्या असतात. मालकाने आपल्या कामधंद्यासाठी गाडी नेणं त्यात नसतं. म्हणजे नुसतं ट्रेनिंगला गेल्याने क्लेम बुडत नाही. त्यासाठी थोडे कष्ट घ्यावे लागतात.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सीट लावणं. सहकाऱ्यांमध्ये पेट्रोलचा खर्च वाटून घेणं फारच मिळमिळीत. ‘पाचशे रुपये सीट, सकाळी सहाला द्वारका सर्कल’ असं ग्रुपवर टाका. पैसे यूपीआयनेच घ्या आणि शेऱ्यात ‘गाडीभाडं’ लिहायला आवर्जून सांगा. उद्या संगमनेरपुढे चंदनापुरी घाटात ठोकलीत, तर विमा कंपनीच्या तपासनीसाला पुराव्यासाठी वणवण नको. गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तिथेच संपले. समोरच्या दुचाकीवाल्याची भरपाई कोर्ट कदाचित आधी विमा कंपनीला द्यायला लावेल, पण ती वसूल करायला कंपनी आपल्याच दारी येईल. चहा ठेवा.

सगळ्यांना फुकट नेण्याइतकं मन मोठं असेल, तरी निराश होऊ नका. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी पॉलिसी घ्या. पोलिसांनी अडवलं तर २,००० रुपयांचा दंड टळतो, आणि आपल्या शेजारी बसलेला सहकारी मात्र त्या पॉलिसीच्या लेखी कुणीच नसतो.

खरी गंमत कंपनीच्या गाडीत आहे. एचआर चावी देतं, आपण खूश. आरसी बुकावर मालक म्हणून प्रायव्हेट लिमिटेडचं नाव. आता १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो मालक-चालकाचा, म्हणजे मालक हाडामांसाचा हवा आणि त्याच्याकडे लायसन्स हवं. प्रायव्हेट लिमिटेडचे हातपाय मोडत नाहीत, म्हणून तो विमा या गाडीला मिळतच नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या तुमच्या वाट्याला त्या १५ लाखांतला रुपयाही नाही. यावर पॉलिसीला आयएमटी २९ नावाची जादा जोडणी आहे: गाडीतून जाणाऱ्या किंवा ती चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दलची मालकाची कायदेशीर जबाबदारी, माणशी ५० रुपये. पाच जणांचे २५०. अकाउंट्सवाल्यांनी ही ओळ ‘अनावश्यक’ म्हणून खोडली असेल तर त्यांचं अभिनंदन करा. तेवढ्यात पाच मिसळीसुद्धा येणार नाहीत. (बसणाऱ्यांसाठी निनावी प्रवासी अपघात विमाही असतो, माणशी जास्तीत जास्त २ लाखांपर्यंत. तोही खोडता येतो.)

ट्रेनिंग पावसाळ्यात, इगतपुरीच्या रिसॉर्टवर असेल तर दुधात साखर. पाणी साचलेल्या बोगद्यात गाडी बिनधास्त घाला. मध्येच बंद पडली की ढकलून बाहेर काढू नका. स्टार्टर मारत राहा. पाणी एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर एका नजरेत ओळखतो की इंजिन पाण्याने नाही, चावीने गेलंय. साध्या पॉलिसीत याला ‘परिणामी नुकसान’ म्हणतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. इंजिन प्रोटेक्ट नावाची जोडणी घेतली असतीत तर आशा होती, पण एजंटने विचारलं तेव्हा आपणच म्हणालो होतो, ‘नाशकात कुठं एवढं पाणी?’

यातलं काहीच जमलं नाही, तर निदान हॉटेलच्या पार्किंगमध्ये खांबाला बंपर घासा आणि हट्टाने क्लेम करा. बंपर ६,००० चा. झीरो डेप (घसारा न कापण्याची जोडणी) नसेल तर प्लास्टिकला ५० टक्के घसारा, उरले ३,०००. गाडी १,५०० सीसीपर्यंतची असेल तर सक्तीची वजावट १,०००, हाती २,०००. आधीची तीन वर्षं क्लेम नसेल आणि यंदाही केला नसता, तर पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, मिळणार होता. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ६,००० धरला तर ते झाले २,७००. तो बोनस आता शून्य. खिशातले ७०० घालून क्लेम पास झाल्याचा फोटो मात्र ट्रेनिंगच्या ग्रुपवर जरूर टाका.