वरच्यावर विश्वास

राणीच्या बागेत वाघ झोपलेला असला, तरी पिंजऱ्यावर त्याच्या नावाची पाटी असते. पाटीशेजारी उभं राहून फोटो काढला की तिकिटाचे पैसे वसूल. ऐरोलीच्या खाडीत ही सोय नाही. तिथे पिंजरा नाही, पाटी नाही, आणि प्राण्यांना तुम्ही येणार असल्याचं कुणी कळवलेलंही नसतं.

सोसायटीची सहल खरं तर राणीच्या बागेतच जायची होती. पण ऐरोलीहून ठाणे, तिथे गाडी बदलून भायखळा, आणि मग पेंग्विनची रांग, एवढं ऐकून निम्मे सभासद गळाले. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "लोक पुण्याहून आपल्याकडे फ्लेमिंगो बघायला येतात आणि आपण भायखळ्याला काय जाताय?" ठराव एकमताने मंजूर. आमच्या सोसायटीत एकमत ही गोष्ट फ्लेमिंगोपेक्षा दुर्मीळ. त्यामुळे मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण नाश्ता सोसायटीच्या फंडातून होता.

पहिला घोळ वेळेचा. किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट घड्याळावर नाही, भरतीवर चालते, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यातही गंमत अशी की बोटीला पाणी हवं आणि पक्ष्यांना चिखल हवा. पाणी कमी असेल तर बोट जेटीला रुतून बसते. जास्त झालं तर चिखल बुडतो आणि मंडळी उडून नेरूळकडच्या पाणथळीत जाऊन बसतात. या दोहोंच्या मधली जी फट, तिच्यात आमच्या सोसायटीने वेळेवर पोचायचं! सेक्रेटरींनी मोबाइलवर तक्ता काढला. माझ्या आत्याने कालनिर्णय काढलं. "आज द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बारा पाऊणे नऊ." तक्त्यातही नऊच्या आसपासच निघाले. तेव्हापासून सेक्रेटरी आत्याला विचारल्याशिवाय काही बोलेनात.

आठाच्या आधी आम्ही जेटीवर हजर. बोटवाले दादा मात्र निवांत. "पानी भरू दे, मंग सोरतो." तोवर मुलं तिवरांच्या मुळांशी उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, मोजत बसली, आणि एक काकू त्यांचं कालवण कसं करतात ते सांगत बसल्या.

बोटीत चढताना जीवरक्षक जाकिटं वाटली. माझ्या जाकिटाचा बंद आधीच्या कुणीतरी अशी गाठ मारून ठेवला होता की बोट बुडाली असती तरी मी जाकिटासकट सुखरूप आणि जाकिटातच कायमचा राहिलो असतो. मग दादांनी तोल सांभाळायला माणसं इकडची तिकडे केली आणि माझ्या शेजारी कोण आलं? वरचे.

वरचे म्हणजे आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमधले साहेब. त्यांच्या बाथरूमखाली आमचं स्वयंपाकघर. तिथे छताला ओल आली तेव्हा तिचा आकार फक्त कोकणाचा होता. यथावकाश ती घाट चढून विदर्भापर्यंत पोचली. वरच्यांचं म्हणणं एकच: "माझ्याकडे जमीन कोरडी खडखडीत आहे. जे दिसत नाही ते मी मानत नाही." सर्वसाधारण सभेत हे वाक्य त्यांनी इतक्यांदा उच्चारलंय की ते आता इतिवृत्तात आपोआप छापून येतं. आम्ही लिफ्टमध्येही एकमेकांना पाठ दाखवून उभे राहतो. आणि आता मांडीला मांडी!

बोट निघाली. सेक्रेटरींनी माहिती सुरू केली. २०१५ साली हे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पिल्लं राखाडी असतात, शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे मोठेपणी गुलाबी होतात. माहिती सगळी होती, फ्लेमिंगो नव्हते. बगळे होते. लांब तांबड्या पायांचे शेकाटे होते. एक पाणकावळा पंख वाळत घालून बसला होता. पलीकडे विजेचे मनोरे आणि त्यांच्या मागे मुलुंड-भांडुपच्या इमारती.

"नाहीयेत," मी म्हणालो. "सगळी थाप आहे."

"आहेत," वरचे म्हणाले.

मी मान वळवली. हे त्यांच्या तोंडून?

"दिसत तर नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं थोडंच असतं?"

मला ते वाक्य तिथल्या तिथे लेखी हवं होतं. साक्षीदारही होते, पण ते सगळे दुसऱ्या बाजूला बघत होते. "हेच मी छताबद्दल म्हणतोय," असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादांनी इंजिन बंद केलं.

मनोऱ्यांच्या पायथ्याशी गुलाबी पट्टा होता, आणि तो हलत होता. बोट वाहत वाहत जवळ गेली तसे एकेक पक्षी सुटे दिसायला लागले. मान खाली, चोच उलटी करून चिखलात, आणि अखंड चालणं. पाणी त्यांच्या गुडघ्यांशी चढत होतं तशी सगळी रांग पावलापावलाने काठाकडे सरकत होती. जेवण मात्र थांबत नव्हतं. मध्येच काही मळकट पांढरे, अजून रंग न चढलेले. बोटीत पस्तिशीपासून सत्तरीपर्यंतचे, एकमेकांवर मेंटेनन्सचे दावे लावलेले लोक होते, आणि कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना. आत्याने हात जोडले. एक पोरगं कुजबुजलं, "फोटोत जास्त गुलाबी असतात." त्याला त्याच्या आईने दाबलं.

मग काय बिनसलं कोण जाणे, सगळा थवा उठला. पंख उघडल्यावर आतला लालभडक रंग आणि काळी किनार. वरच्यांनी माझं मनगट धरलं होतं. सोडायचं त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि मीही आठवण केली नाही. त्यांची दुर्बीण त्यांनी आधी मला दिली, हे मला इथे प्रामाणिकपणे नोंदवलंच पाहिजे.

परतीच्या वाटेवर वडापाव खाताना ते म्हणाले, "तुमची ती ओल. पुराव्याशिवाय मी मानणार नाही. पण बघायला हरकत नाही."

संध्याकाळी खरंच आले. गळ्यात दुर्बीण. स्वयंपाकघरात मधोमध उभे राहून त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि रत्नागिरीपासून सावकाश गोंदियापर्यंत गेले. बायको चहाचं आधण ठेवून बघत राहिली.

"काही हालचाल दिसत नाही," ते म्हणाले, आणि मराठवाड्यातून एक थेंब सुटून थेट भिंगावर पडला.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली, रुमालाने भिंग नीट पुसलं आणि खुर्ची ओढून बसले. "प्लंबर तुमच्या ओळखीचा आहे की माझ्या बोलवू?"