यात कॅलरी किती जातात?

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लबरूममध्ये चार पोक्त माणसं कॅरम खेळत बसली, तर यात कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण दुसऱ्या मजल्यावरचे काका डोकावले आणि त्यांनी आधी टेबलाखाली पाहिलं.

"मुलं कुठायत?"

"कुणाची?"

"अहो, म्हणजे खेळतंय कोण?"

"आम्हीच."

काकांनी चष्मा पुसला. खुर्ची ओढली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत विचारलं, "यात कॅलरी किती जातात?"

"कॅलरी नाही जात काका, राणी जाते."

"फायदा?"

"3 गुण. तेही तुमचे 22 व्हायच्या आत. नंतर राणी घेतली तरी तिचे गुण नाहीत."

"म्हणजे शेवटी शेवटी काहीच फायदा नाही!"

"अहो, 1996 साली मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळालाय."

"मग तुम्हाला का नाही मिळाला?" म्हणत त्यांनी चहाचा कप ठेवला. बोर्डावर!

मोठ्या माणसानं चालावं ते पावलं मोजत, सुडोकू सोडवावं ते विस्मरण लांबवायला. बुद्धिबळालाही मान आहे, कारण तिथे तोंड पाडून बसता येतं. हसत, ओरडत, कट मारून खेळलं की लगेच औषधी गुणधर्म विचारतात.

बरं, बोर्डाचं बोलू. गरम कपाखाली पॉलिशवर पांढरं कडं उमटतं, खालचं प्लाय ओल धरून फुगतं. स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंतचा, तो जोरात निघून जाईल. पण 5-साडेपाच ग्रॅमची सोंगटी हळू आली की तिथे हमखास वळते. शिवाय कुणीतरी प्रेमानं चंदनाची टाल्कम ओततं. पावसाळ्यात ती चिकटते आणि सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन बसते. बोरिक पावडर आणा, चिमूटभर. कोरड्या सुती फडक्यानं पसरा, तळव्यानं नको, तळव्याला घाम असतो. टेबल सरळ आहे का ते बघायचं, तर मधोमध सोंगटी कडेवर उभी करून सोडा. फिरून फिरून एकाच बाजूला घरंगळली, तर त्या बाजूला पुठ्ठा सरकवा. आणि खेळ झाल्यावर बोर्ड आडवा ठेवा हो. आमच्याकडे तो पाण्याच्या पंपाशेजारी भिंतीला तिरका टेकवतात. पोक आलंय त्याला.

सोमवारी कमिटीची सूचना लागली: 'कॅरम फक्त लहान मुलांसाठी.' नोटीस बोर्ड भरलेला होता म्हणून ती कॅरम बोर्डावरच डकवली, थेट बेसलाइनवर, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून. पट्टी ओढली की गोंद राहतो. तेल लावायची सोय नाही, ते लाकडात मुरतं. खोडरबर घेऊन घासत बसायचं. त्यात कॅलरी जात असतील.